जाहिरात चालू आहे, फक्त दिसत नाही

पूर्वी जाहिरात लागली की नाही हे बघायला पेपर उघडायचा. आतल्या पानावर, निविदा आणि 'नावात बदल' यांच्या मधोमध आपलं दुकान दिसलं की विषय संपला. नाही दिसलं तर पेपरच्या कचेरीत जायचं, तिथल्या माणसाशी भांडायचं आणि त्याचाच चहा पिऊन परत यायचं. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतली जाहिरात तर मंडळाची पोरं घरी आणून दाखवतात आणि पुढच्या वर्षीचेही पैसे तेव्हाच मागतात. पैसे घेतले आणि जाहिरात आली नाही, ही तक्रार मला समजते. पण ऑनलाइन जाहिरातीसाठी आपण पैसे घेऊन बसलोय आणि समोरचा घ्यायलाच तयार नाही, ही तक्रार नेमकी कुठल्या खिडकीवर करायची?

आमचं सांगलीत पेट्यांचं दुकान आहे. पेट्या म्हणजे हार्मोनियम. सूर लावणं, भाते बदलणं, वाकड्या पट्ट्या सरळ करणं आणि आषाढीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्यांतून चुरमुरे, सुटी नाणी आणि कुणाची तरी तंबाखूची पुडी बाहेर काढणं, ही आमची कामं. सांगलीत आम्हाला जाहिरात लागत नाही. ज्याची पेटी बिघडते त्याला आमचा पत्ता पाठ असतो आणि आम्हाला त्याची पेटी. पण पुण्या-ठाण्याकडे एक नवीन गिऱ्हाईक तयार झालंय. मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसते, वडील घरबसल्या स्वस्तातली पेटी मागवतात, आणि गणपती यायच्या आत काळी चार ही पट्टी दाबली की बाहेर येतच नाही. हे वडील शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात.

"मामा, ते विचारतात तेव्हा आपण सगळ्यात वर दिसायला पाहिजे," भाचा म्हणाला. त्याने डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलाय. सर्टिफिकेट फ्रेम करून आमच्याच दुकानात लावलंय, कारण त्याला दुकान नाही.

"वर दिसायचं नंतर बघा, आधी खाली जेवायला या," बायको जिन्यातून म्हणाली. कारखाना माडीवर आहे.

लोक ज्या कंपनीकडे फोनवर शोधतात तिच्याकडेच जाहिरात द्यायची ठरली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ते शोधायचं म्हटलं तरी त्यांच्याकडेच शोधावं लागेल.

पहिलं काम मथळ्याचं. एका मथळ्याला तीस अक्षरं. तीस म्हणजे भरपूर, असं मला वाटलं होतं. पण मशीन काना, मात्रा, वेलांटी, अर्ध्या अक्षराचा पाय, सगळं सुटं सुटं मोजतं. 'हार्मोनियम' हा शब्द तोंडाने पटकन होतो, तिथे तो दहा घरं खातो. 'हार्मोनियम दुरुस्ती सांगली' लिहून झालं तेव्हा सव्वीस घरं भरली होती आणि उरलेल्या चारांत आमच्या वडिलांची पन्नास वर्षांची कीर्ती बसवायची होती. भाच्याने तिथे तीन उद्गारचिन्हं टाकली.

दुसऱ्या दिवशी लाल अक्षरांत उत्तर आलं: नामंजूर. मथळ्यात उद्गारचिन्ह चालत नाही. ते काढलं, तर खालच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही. मी म्हटलं, अरे, दुकानाच्या जाहिरातीत फोन नंबर नाही तर काय हस्तरेषा छापायच्या? नंबराची वेगळी जागा असते म्हणे, तिथे तो चालतो. अण्णा (आमचे जुने कारागीर, बोलतात कमी, ऐकतात जास्त) कानसेतून नजर न उचलता म्हणाले, "पेटीला नामंजुरी काय नवीन आहे?" खरंच आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, का तर हिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही आणि श्रुती (सुरांमधले बारीक सूर) बसत नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या मानाने आमची जाहिरात एका कामकाजाच्या दिवसात नाकारली जाऊन दुसऱ्या दिवशी मंजूर झाली, हा वेग कौतुकाचाच.

मधले दोन अडथळे थोडक्यात सांगतो, कारण ते कुणालाही सांगितले तरी तो स्वतःचेच सांगायला लागतो. एक, ओळख पडताळणी. माझं नाव पॅनवर वडिलांच्या पूर्ण नावासकट आहे, बँकेत मधल्या अक्षराने आहे, रेशनकार्डावर आडनाव पुढे आहे, आणि दुकानाच्या पाटीवर मी नाहीच, वडील आहेत. हे चारही जण एकच, हे कंपनीला पटायला वेळ लागला. दोन, पैसे. दर महिन्याला कार्डावरून आपोआप पैसे कापायचे, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने त्याला आधी आपली रीतसर परवानगी लागेल असं केलंय. नियम सोन्यासारखा आहे. फक्त त्या परवानगीचा ओटीपी जात होता तो बायकोच्या जुन्या फोनवर, आणि तो फोन नातू गाडी म्हणून वापरत होता. शेवटी यूपीआयने आगाऊ पैसे भरले, वर अठरा टक्के जीएसटी भरला आणि पडद्यावर हिरवा ठिपका आला. पुढे लिहिलं होतं: एलिजिबल.

इथून पुढे खरा खेळ.

हिरवा ठिपका म्हणजे जाहिरात चालू, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तो ठिपका एवढंच सांगतो की जाहिरात चालायला आमची काही हरकत नाही. ती चालतेय का, हे वेगळ्या रकान्यात असतं आणि त्या रकान्यात शून्य होतं. मी दिवसभर फोनवर 'हार्मोनियम रिपेअर' लिहून बघत बसलो. आमची जाहिरात सोडून सगळं दिसलं. संध्याकाळी भाचा आला आणि म्हणाला, "मामा, जाहिरात पुणे आणि ठाण्यात लावलीय. तुम्ही सांगलीत बसून कशी दिसणार?" बरं, मग पुण्यात जाऊन बघू का, तर म्हणे तेही नको. आपलीच जाहिरात पुन्हा पुन्हा शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं नाही, तर मशीन समजतं या माणसाला हिच्यात रस नाही, आणि त्याला ती दाखवायचीच बंद करतं. ज्याला जगात सगळ्यात जास्त रस आहे, त्याच्याबद्दलचा हा निष्कर्ष.

मग ती वर का येत नाही? त्याचं उत्तर लिलावात आहे. कोणी काही शोधलं की त्या क्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तिथल्या जागांचा लिलाव होतो. ही कल्पना पहिल्यांदा धंद्यात आणली ती अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने, १९९८ मध्ये, आणि तिथे कोणी किती बोली लावलीय हे उघड दिसायचं. आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात तसंच, सगळ्यांच्या कानासमोर. आता तसं नाही. आता हा बैलबाजारातला रुमालाखालचा भाव आहे. तुमची बोटं तुम्हाला ठाऊक, त्यांची त्यांना, रुमाल कंपनीचा. शिवाय नुसता भाव चढवून भागत नाही. जाहिरात किती लोक दाबतील, शोधलेल्या शब्दाशी तिचा किती संबंध आहे, आणि दाबल्यावर उघडणारं पान बरं आहे का, याचेही मार्क असतात. दहापैकी. आमच्या पानावर भाच्याने आपोआप वाजणारी भैरवी ठेवली होती. मैफल सुरू व्हायच्या आधीच भैरवी, म्हटल्यावर लोक उठून जाणारच. ती काढली.

या बंद लिलावांवर विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये निबंध लिहिला होता: जिंकावं सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याने, पण पैसे द्यावेत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. यातूनच पुढे हे सगळं शास्त्र उभं राहिलं. व्हिक्रींना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले. पेटीवाल्यांच्या जाहिरातीपर्यंत त्यांचं शास्त्र पोचलेलं बघायचं त्यांच्या नशिबी नव्हतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा किंचित हेवा वाटतो.

शब्द कोणते घालायचे यावर अण्णांना विचारलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक येतं ते 'खर्जाचा सूर बसला', 'पट्टी सोडली तरी सूर सोडत नाही', 'भाता दम धरत नाही' असं म्हणत येतं. तसंच्या तसं घातलं. तिन्हींपुढे शेरा आला: लो सर्च व्हॉल्यूम. म्हणजे हे शब्द जगात कोणी फारसे शोधत नाही, म्हणून आम्ही ते झोपवून ठेवलेत. अण्णांना हे सांगितलं नाही.

मग भाच्याने एकच शब्द घातला, मोकळा सोडून: 'पेटी'. आणि काय सांगू, शून्य गेलं! जाहिरात धावायला लागली. भाचा माडीवर नाचला. फोनही आला, पहिलाच. मी पेन-कागद घेऊन बसलो.

"पेटी कधी मिळणार?"

"आणली की चार दिवसांत देतो. काय झालंय तिला?"

"मिळालीच नाही अजून. फॉर्म भरून सहा महिने झाले."

लोकांनी काय शोधलं आणि त्यावर आपली जाहिरात दिसली, याची एक यादी कंपनी देते. ज्यांना हसून बरेच दिवस झालेत त्यांनी ती जरूर वाचावी. आमच्या यादीत सगळ्यात वर होती 'बांधकाम कामगार पेटी योजना फॉर्म'. तिच्या खाली 'हापूस आंबा पेटी भाव आजचा'. मग 'मतपेटी चित्र', 'दानपेटी स्टील', आणि एका माणसाने मध्यरात्री शोधलेलं 'पेटीत साप निघाला'. त्यानेही आमची जाहिरात दाबली होती. त्याचं काय झालं असेल, हा विचार मला अधूनमधून येतो.

तर हे थांबवायला एक उलटी यादी असते. तिच्यात घातलेला शब्द कोणी शोधला की आपली जाहिरात पुढे जातच नाही. भाच्याने बसून एकेक शब्द घातला: योजना, फॉर्म, आंबा, भाव, मत, दान, साप. आणि दिवसभराच्या थकव्यात शेवटी 'पेटी'सुद्धा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. हिरवा ठिपका जागच्या जागी. एका यादीत 'पेटी म्हणाल तर मी', दुसऱ्या यादीत 'पेटी म्हणाल तर मी नाही'. मशीनने दोन्ही आज्ञा पाळल्या.

मला अशा वेळी माझा धंदा बरा वाटतो. सूर उतरलाय म्हटल्यावर मी पेटीतली पितळेची जीभ, जिच्यातून सूर निघतो ती, उचलून खाली पोलादाची पट्टी सरकवतो, टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, मुळाकडे फिरवली की उतरतो. तिसरी जागा नाही. कानस दोनदा फिरवायची आणि कान लावायचा. इथे चाळीस जागी कानस फिरवायची आणि दोन दिवस थांबायचं, कारण 'मामा, सिस्टीम शिकतेय, हात लावू नका'. आमच्याकडे शिकणाऱ्याला पहिली गोष्ट सांगतात ती हात लाव म्हणून.

असो. 'पेटी' उलट्या यादीतून निघाला, सुलट्या यादीत 'हार्मोनियम दुरुस्ती', 'हार्मोनियम रिपेअर पुणे' असे सरळ शब्द बसले आणि जाहिरात खरंच चालू झाली. आकडेच सांगत होते. दिवसाचे दोनशे रुपये ठेवले होते, ते रोज चोख खर्च व्हायचे. मार्क तर असे चढले की भाचा आईला फोन करून सांगायला लागला. जाहिरात दिसणाऱ्यांतले इतके लोक ती दाबतायत की मोठमोठ्या कंपन्यांना जमत नाही! दहापैकी नऊ!

फक्त दोन गोष्टी कळत नव्हत्या. फोन एकही येत नव्हता. आणि सकाळी साडेनऊला पैसे संपून जाहिरात बंद पडत होती. आता पेटी बिघडलीय म्हणून सकाळी सातला फोन घेऊन बसणारा माणूस कोण? कीर्तनकारसुद्धा एवढ्या लवकर बसत नाहीत.

उत्तर कोथरूडहून आलं. थोरल्या वहिनींचा फोन होता, भिशीच्या पैशांबद्दल, ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, आज पण दिसली हो तुमची जाहिरात. रोज सकाळी चहाबरोबर बघते."

"बघता म्हणजे?"

"म्हणजे दाबते की. आपल्या माणसाची जाहिरात समोर आलीय आणि न दाबता पुढे जायचं, बरं दिसतं का ते?"

चौकशी केली. बायकोने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं होतं: 'ह्यांची जाहिरात आली, हार्मोनियम रिपेअर असं शोधा, सगळ्यांनी बघा.' आमचं गोत पुणे आणि ठाण्यात सांडलेलं आहे, म्हणजे नेमकं जिथे जाहिरात लावली तिथेच. सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवून झाले की सगळी मंडळी आम्हाला शोधून आम्हाला दाबत होती. एका दाबाला बारा-पंधरा रुपये. एकाच माणसाने सारखं दाबलं तर कंपनी ओळखते आणि ते पैसे धरत नाही. पण वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या फोनांवरून, मायेने आलेलं एकेक बोट कसं ओळखणार? धाकट्या साडूंनी तर ऑफिसातल्या लोकांनाही दाबायला लावलं होतं. दहापैकी नऊ मार्क हे आमच्या नातेसंबंधांचे होते.

भाच्याने ग्रुपवर लिहिलं, 'कृपया जाहिरातीवर क्लिक करू नये, आपले पैसे जातात.' खाली तीन ओके आले, दोन नमस्कार आले, आणि नाशिकच्या काकांनी विचारलं, 'कुठे क्लिक करायचं नाही? लिंक पाठव.'

मग सगळे शहाणे झाले आणि नुसती बघायला लागले. शोधायची, दिसली की समाधान मानायचं, फोन ठेवून द्यायचा. झालं, आठवड्यात मार्क नवावरून कोसळले. दिसते सगळ्यांना, दाबत कोणीच नाही, म्हणजे जाहिरातच टाकाऊ, असा कंपनीने अर्थ घेतला आणि आम्हाला खाली ढकललं. पुन्हा ग्रुपवर लिहिलं, 'कृपया शोधूही नये.' यावर वहिनी दुखावल्या. बायको म्हणाली, "आपलीच जाहिरात आपल्याच माणसांनी बघायची नाही, मग ती लावलीय कुणासाठी?" तसं स्वतःची जाहिरात चोरून, मोजदाद न होता बघायची एक वेगळी सोय कंपनीने ठेवलेली आहे. पण ती आपल्या खात्यात शिरून वापरायची असते, आणि सगळ्या गोताला खात्याची चावी देण्याइतका मी भोळा नाही.

ठाण्याच्या आत्याने मात्र सगळं नीट समजावून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची.

"म्हणजे आपण दाबलं की ज्याची जाहिरात, त्याचे पैसे जातात?"

"हो आत्या."

"आणि पैसे संपले की ती दिवसभर बंद?"

"हो."

"मग तुझ्या वर तो पुण्याचा कोण येतो, त्याला दाबलं तर?"

मी म्हटलं, आत्या, असलं काही करायचं नाही. ते बरोबर नाही, कंपनी पकडते, आणि तो माणूस आपल्याच धंद्यातला आहे, सज्जन आहे, त्याच्याकडे सूर (पितळेच्या त्या जिभांना आम्ही सूरच म्हणतो) मिळाले नाहीत की मी आपल्याकडचे पाठवतो. ती म्हणाली, "बरं बरं." आत्याचं सकाळचं भजनी मंडळ आहे, तीसेक बायका, सगळ्यांकडे फोन.

त्यानंतर आमची जाहिरात सकाळी दहा वाजले की आपोआप पहिल्या जागेवर यायला लागली. भाच्याने त्याचं श्रेय नव्या सेटिंगला दिलं. फोन येऊ लागले, खरे, काळी चार बसलेल्यांचे. अण्णांच्या टेबलावर पुण्याच्या चार पेट्या आल्या. मी आत्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती देवळात होती.

मागच्या सोमवारी त्या पुण्याच्या पेटीवाल्यांचाच फोन आला. आधी पावसाचं बोलले, मग गुजरातेतल्या पालिताण्याहून येणाऱ्या सुरांचे भाव वाढले त्याचं बोलले, मग जरा घुटमळून म्हणाले, "एक विचारू का? ते ऑनलाइन जाहिरातीचं. आमची सकाळी दहालाच बंद पडते. काही केल्या कळेना. तुमचं तर छान चाललेलं दिसतंय."

मी म्हटलं, "भाच्याला पाठवतो. कोर्स केलाय त्याने."